मारायचा बॉल, सोडायचा बॉल

न्यू जर्सीत एप्रिल उजाडला तरी थंडी सरलेली नसते. मैदान ओलं, जर्सीच्या आत जाड स्वेटशर्ट, आणि बॉल बॅटच्या मुठीजवळ लागला की हातात अशी झिणझिणी उठते की पोरगं बॅट टाकून बोटं काखेत दाबून धरतं. लिटल लीगचा, म्हणजे मुलांच्या बेसबॉलचा, सीझन सुरू होतो तो अशाच दिवसांत. माझा मुलगा खेळायचा तेव्हा मी मदतनीस म्हणून मैदानावर उभा राहायला लागलो. तो पुढे हायस्कूलच्या टीममध्ये गेला, मी मात्र इथेच राहिलो. दहा ते बारा वर्षांच्या मुलांचं हिटिंग माझ्याकडे असतं. माझं लहानपण सांगलीत टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गेलं. बेसबॉल मी इथे आल्यावर शिकलो, बराचसा या मुलांच्याच सोबतीने. आता आपल्या मराठी घरांतलीही पुष्कळ मुलं हा खेळ खेळतात, आणि त्यांचे आईवडील कुंपणापाशी गाठून एकच विचारतात: याचं हिटिंग सुधारायचं तर काय करायचं?

बहुतेकांना उत्तरात स्विंगबद्दल काहीतरी हवं असतं. कोपर कुठे, पाय कुठे, मनगट कधी फिरवायचं. तेही सांगतोच. पण माझा अनुभव असा की या वयाची मुलं वाईट स्विंगमुळे जितकी आउट होतात, त्याहून जास्त भलत्याच बॉलला स्विंग केल्यामुळे होतात. हात तयार असतात, डोळे तयार नसतात. आणि डोळे तयार करायचं काम घरी कोणी करून घेत नाही, कारण ते काम आहे हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

लिटल लीगच्या या गटात पिचर प्लेटपासून ४६ फुटांवर असतो. मेजर लीगमध्ये हेच अंतर ६० फूट ६ इंच. अंतर कमी असल्यामुळे बारा वर्षांच्या दणकट मुलाने ताशी साठ मैलांनी टाकलेला बॉलही अर्ध्या सेकंदाच्या आसपास प्लेटवर येऊन ठेपतो. त्यातला काही वेळ बॅट फिरायला जातो. मग बॉल कुठे येतोय, मारायचा की सोडायचा, हे ठरवायला उरतो तो डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ. तेवढ्या वेळात विचार करता येत नाही. त्या वेळात जे होतं ते सवयीने होतं, आणि सवय लावावी लागते.

आमच्या टीममध्ये एक मुलगा होता, अकरा वर्षांचा, अंगाने चांगला, मराठी घरातला. बॅटिंग केजमध्ये उभा राहिला की बघत राहावं असा. मशीनमधून आलेला एकेक बॉल सरळ रेषेत जाळीवर आदळायचा. मॅचमध्ये मात्र तीन स्ट्राइक होऊन आउट, स्ट्राइकआउटवर स्ट्राइकआउट. वडिलांनी पैसे भरून खाजगी शिकवणी लावली. तिथे त्याच्या हातांची ठेवण बदलली, मग पावलांची बदलली, आणि मॅचमध्ये फरक काही पडेना. मुलगा गप्प होत चालला होता. शेवटी एका मॅचला मी डगआउट सोडून प्लेटच्या मागच्या जाळीपाशी जाऊन बसलो आणि कागदावर एवढंच टिपलं की त्याने कुठल्या बॉलला बॅट फिरवली. पहिला डोक्याच्या वर. दुसरा मातीत टप्पा पडलेला. तिसरा प्लेटच्या बाहेर वीतभर. स्विंग तिन्ही वेळा छान होता.

कारण केजमध्येच होतं. मशीन प्रत्येक बॉल जवळजवळ एकाच जागी, एकाच वेगाने टाकतं. तिथे प्रत्येक बॉल मारायचाच असतो. या मुलाने शेकडो बॉल मारले होते, पण सोडायचा की नाही हे त्याला एकदाही ठरवावं लागलं नव्हतं. मशीनला खांदा नसतो, हात नसतो, बोटं नसतात. पिचरच्या हातातून बॉल सुटतो त्या जागेकडे बघायची सवय मशीनसमोर लागणार कशी?

मग त्याच्यासोबत आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. मी आडोशाच्या जाळीमागे उभा राहून हाताने बॉल टाकायचा. त्याने हेल्मेट घालून, बॅट घेऊन प्लेटपाशी उभं राहायचं, प्रत्येक बॉलला वजन मागच्या पायावर घ्यायचं, पुढचा पाय टाकायचा, म्हणजे मारायची सगळी तयारी करायची, पण बॅट फिरवायची नाही. बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जायच्या आत मोठ्याने सांगायचं: "हो" किंवा "नाही". हो म्हणजे मारला असता, नाही म्हणजे सोडला असता. सुरुवातीला तो सगळ्यांनाच "हो" म्हणायचा. बॉल ग्लोव्हमध्ये गेल्यावर दोघे मिळून बघायचो की कुठे आला होता. मग त्याचा आवाज उशिरा यायला लागला, बॉल ग्लोव्हमध्ये गेल्यावर. मग हळूहळू लवकर. एके संध्याकाळी बॉल माझ्या हातातून सुटून जेमतेम अर्ध्या वाटेवर असताना "नाही" आलं, आणि तो बॉल खरंच गुडघ्याच्या खाली गेला. त्याने माझ्याकडे बघितलं. आपल्याला दिसलं, हे त्याचं त्यालाच कळलं होतं. टीममधल्या बाकीच्या मुलांनीही हा सराव उचलला. आमच्या टीममध्ये चिनी, इटालियन, गुजराती अशी सगळी मुलं आहेत, आणि ती सगळीच आता "हो" आणि "नाही" ओरडतात.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती सुटली तर सराव वाया जातो. "नाही" म्हणताना शरीर ढिलं असता कामा नये. प्रत्येक बॉल मारायचाच आहे अशी तयारी करायची आणि खराब दिसला तर शेवटच्या क्षणी हात आवरायचे. हे उलटं झालं, म्हणजे मूल सोडायच्या तयारीने उभं राहिलं, की चांगला बॉल आला तरी ते खिळल्यासारखं उभंच राहतं. कुंपणापलीकडून पालक ओरडतात, "वॉकसुद्धा हिटइतकाच चांगला!" वॉक म्हणजे चार खराब बॉल सोडून मिळालेला पहिला बेस. हेतू चांगला असतो, पण दहा वर्षांच्या मुलाच्या कानात त्याचा अर्थ "मारू नकोस" असा शिरतो. या वयात पिचरच भरकटत असतात, त्यामुळे नुसतं उभं राहूनही वॉक मिळतात. दोन वर्षांनी पिचर सरळ टाकायला लागतात आणि त्या मुलाला बॅट फिरवता येत नाही. मारायचा बॉल शोधण्यासाठी सोडणं वेगळं आणि वॉक मिळावा म्हणून सोडणं वेगळं. दोन्हींत बॅट खांद्यावरच राहते, पण दोघांचं पुढे अगदी निराळं होतं.

हे काही माझं शोधून काढलेलं शास्त्र नाही. मेजर लीगचा जुना हिटर टेड विल्यम्स याच्या 'द सायन्स ऑफ हिटिंग' या पुस्तकात एक चित्र आहे, ते मी मुलांना दाखवतो. स्ट्राइक झोनमध्ये ७७ बॉल मांडलेले आहेत, आडवे ७ आणि उभे ११, आणि त्या त्या जागी आलेल्या बॉलवर आपली सरासरी किती राहील याचा विल्यम्सने स्वतः केलेला अंदाज त्यावर लिहिलेला आहे. मधोमध, कमरेच्या उंचीला .४००. बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. म्हणजे माणूस तोच, बॅट तीच, दिवस तोच, फक्त बॉलची जागा बदलली की हिटर जवळजवळ निम्मा होतो. १९४१ मध्ये या माणसाची सरासरी .४०६ होती, आणि त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणी .४०० ला पोचलेलं नाही. सीझनच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी .३९९५५ होती. ती .४०० धरली गेली असती, त्यामुळे तो बाहेर बसू शकला असता. तो फिलाडेल्फियात दोन्ही मॅच खेळला आणि आठपैकी सहा वेळा हिट मारून आला. ही गोष्ट सांगितली की मुलं त्या चित्राकडे वेगळ्या नजरेने बघतात. मी त्यांना आपापलं चित्र काढायला सांगतो: तुला सगळ्यात आवडणारा बॉल कुठे येतो, तिथे रंग भर. दोन स्ट्राइक होईपर्यंत फक्त रंगातल्या बॉलची वाट बघायची. दोन स्ट्राइक झाल्या की बॅट इंचभर वर धरायची, पाय थोडे फाकवायचे, आणि झोनमध्ये येईल ते खेळायचं. लिटल लीगचा झोन काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत असतो आणि प्लेट १७ इंच रुंद. एवढ्या उंच झोनमध्ये कोपऱ्यातला प्रत्येक बॉल मारत बसलं तर हाती ग्राउंडआउटच लागतात.

आमच्याकडची मुलं मेट्सची नाहीतर यांकीजची. ह्वान सोटो बॉल सोडल्यावर पिचरकडे रोखून बघत जी हालचाल करतो, सोटो शफल, ती प्रत्येकाला येते. मी त्यांना सांगतो की हालचाल उचलली, आता तिच्या आधीचंही उचला. २०२१ मध्ये सोटोला १४५ वॉक मिळाले. मेट्सने त्याच्याशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्यात त्याच्या होमरनचे पैसे आहेत तसे त्याने न मारलेल्या बॉलचेही आहेत.

आणि ज्या मुलांना वडिलांमुळे क्रिकेट माहीत आहे त्यांना सिडनीची गोष्ट सांगतो. सचिन तेंडुलकर ऑफ स्टंपच्या बाहेरच्या बॉलवर पुन्हा पुन्हा आउट होत होता. २००४ च्या सिडनी टेस्टमध्ये त्याने कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि नाबाद २४१ केले. दहा तासांहून जास्त वेळ आपला लाडका शॉट न खेळणं ही केवढी ताकद आहे, हे मुलांना लगेच कळतं.

पण एक अडचण अशी आहे की जिच्यापुढे हे सगळं थिटं पडतं, आणि ती म्हणजे भीती. बॉल अंगावर लागण्याची भीती. अगदी लहान गटांत कोच टाकतात, ते अलगद टाकतात. मग मुलंच पिचर होतात आणि बॉल कुठूनही येतो. एकदा बरगडीवर बसला की उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचा डावा पाय आपोआप तिसऱ्या बेसच्या बाजूला पळायला लागतो. पाय गेला की कंबर जाते, खांदा उघडतो, डोकं वळतं, आणि बॉल दिसायचाच बंद होतो. बाहेरून हे स्विंगमधला दोष वाटतो. लोक पायामागे बॅट आडवी ठेवतात, दगड ठेवतात, "पाय सरळ टाक" म्हणून ओरडतात. पायाला दटावून भीती जात नाही.

मी आधी मुलाला विचारतो, भीती वाटते का? एकटं गाठून विचारावं लागतं, मित्रांसमोर कोणी हो म्हणत नाही. हो म्हणालं की सांगतो, वाटणारच, बॉल कडकच असतो. मग टेनिस बॉल घेतो आणि मुद्दाम अंगावर टाकतो. आधी सांगून, हळू. त्यात शिकायची गोष्ट एकच: मागे उडी मारायची नाही, आत वळायचं. पुढचा खांदा कॅचरकडे फिरवायचा, हनुवटी छातीला, बॅट खाली, पाठ पिचरकडे. म्हणजे बॉल चेहऱ्यावर, छातीवर न येता पाठीच्या मांसल भागावर बसतो. आधी मुलं हसतात, मग खेळ होतो, कोण नीट वळतं याची चढाओढ लागते. बॉल अंगावर आला तर काय करायचं ते शरीराला माहीत झालं की पाय जागेवर राहायला लागतो. एका मुलीने, हो, आमच्या टीममध्ये मुलीही असतात, हा सराव झाल्यावर पुढच्याच मॅचमध्ये पाठीवर बॉल घेतला, डोळ्यांत पाणी आलं, पण धावत पहिल्या बेसवर गेली आणि तिथून वडिलांना अंगठा दाखवला. त्या दिवसानंतर तिचं हिटिंग सुधारलं. तिच्या स्विंगला आम्ही हात लावला नव्हता.

आता स्विंगबद्दल. तोही सांभाळावा लागतोच, आणि त्यासाठी मला टीसारखं दुसरं साधन माहीत नाही. रबराच्या नळीवर ठेवलेला स्थिर बॉल. मुलांना वाटतं ते लहान पोरांचं खेळणं आहे, पण मेजर लीगचे खेळाडू मॅचच्या आधी त्यावर मारतात. टी कुठे ठेवायची हे महत्त्वाचं. पुष्कळ घरी ती पोटासमोर ठेवलेली दिसते. मधला बॉल पुढच्या पावलाच्या रेषेत मारायचा असतो, अंगाजवळचा त्याहून पुढे, बाहेरचा थोडा मागे येऊ देऊन. क्रिकेट खेळलेल्या आपल्या लोकांना हे जड जातं, कारण आपल्याला बॉल उशिरा, डोळ्यांखाली खेळायला शिकवलेलं असतं. तिथे टप्पा पडून बॉल वर येतो, बॅट सरळ खाली येते. इथे बॉल उंचवट्यावरून किंचित खाली उतरत येतो, बॅट खांद्याजवळून आडवी, थोडी वर चढत जाते. आधी कंबर वळते, मग हात येतात. बाहेरचा बॉल ओढून मारायचा नाही, तो ज्या बाजूला येतो त्या बाजूलाच पाठवायचा. टोनी ग्विन सॅन डिएगोत वीस वर्षं हेच करत राहिला. डावखुरा माणूस, बाहेरचे बॉल शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसच्या मधून काढायचा. ३१४१ हिट, सरासरी .३३८, आणि साऱ्या कारकिर्दीत स्ट्राइकआउट फक्त ४३४. व्हिडिओ टेप नवीन होत्या त्या काळात तो आपली प्रत्येक बॅटिंग टेपवर घेऊन बघायचा. आज प्रत्येक आईच्या हातात फोन आहे, पण त्यात घेतात ती फक्त हिट. स्ट्राइकआउटचाही व्हिडिओ घ्यावा आणि दोन दिवसांनी, राग गेल्यावर, मुलाने मागितला तर दाखवावा.

टीवर मारून झालं की बॅट हातात घेऊन बघावी. बॉलचे मळकट डाग तिच्यावर उमटलेले असतात. टोकाला डाग असले तर मूल बॉलपासून दूर उभं आहे, मुठीकडे असले तर फार जवळ. जाड भागावर तळहाताएवढ्या जागेत सगळे डाग एकवटले की मग वेगाचा विचार करायचा. आणि "कोपर वर!" हे ओरडणं कृपा करून थांबवावं. मागचं कोपर उचलून धरल्याने खांदा आवळतो, बाकी काही होत नाही. मोठे खेळाडू तसे दिसतात कारण त्यांच्यात ताकद आहे.

बॅटबद्दल थोडक्यात. २०१८ पासून लिटल लीगच्या या गटात लाकडाची नसलेली बॅट अमेरिकी बेसबॉल संघटनेच्या मापदंडाचा शिक्का असलेलीच चालते, एवढं दुकानात बघून घ्यावं. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतात तशी बॅट घेऊ नये. मुलाला ती एका हाताने बाजूला आडवी धरायला सांगा. वीस-तीस सेकंदांच्या आत हात थरथरून खाली आला तर ती जड आहे, मग ती कितीही महाग असो. आदल्या वर्षीच्या मुलाकडून वापरलेली मिळाली तर उत्तमच.

त्या अकरा वर्षांच्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. तो सीझनचा सगळ्यात मोठा हिटर वगैरे झाला नाही. स्ट्राइकआउट निम्म्यावर आले. जूनमधल्या एका मॅचमध्ये पहिले दोन बॉल खाली आले, त्याने सोडले. तिसरा कमरेच्या उंचीला आला, त्याने तो असा मारला की आवाजावरूनच बेंचवरची मुलं उठली. बॉल सरळ शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये गेला. आउट. तो डगआउटमध्ये आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "काका, तो माझाच बॉल होता." मी म्हटलं, "होय रे बाळा, तुझाच होता." त्याचे वडील कुंपणापलीकडे उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आउट झालेल्या मुलासाठी ते पहिल्यांदाच टाळ्या वाजवत होते, आणि ते मुलाने बघितलं.

दहापैकी तीन वेळा हिट मारणारा या खेळात चांगला समजला जातो. उरलेल्या सात वेळा मूल मान खाली घालून परत येणार असेल, तर ते फार दिवस खेळणार नाही. म्हणून घरी जाताना गाडीत हिट मोजू नयेत. कोणता बॉल सोडलास, कोणता मारलास, ते का वाटलं, एवढं विचारावं आणि उत्तराची वाट बघावी. बोलायचं नसेल तर पिझ्झा घ्यावा.

माझी एक विनंती आहे, विशेषतः क्रिकेट खेळून इथे आलेल्या आपल्या लोकांना. हा हो-नाहीचा सराव मशीनवर होत नाही, त्याला हाताने बॉल टाकणारं माणूस लागतं, आणि प्रत्येक लीगमध्ये नेमकी तीच माणसं कमी पडतात. पिचिंग यायला हवं असं नाही, सरळ फेकता आलं तरी पुरतं. लीगच्या ऑफिसमध्ये स्वयंसेवकाचा फॉर्म मिळतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, मग मैदानावर जाता येतं. फॉर्म सीझनच्या आधी, हिवाळ्यातच भरलेला बरा. या वर्षी भरा, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांना द्या.